दोन पॅनेलांच्या गावात एक आमदार

प्रश्न विचारणारी मुलगी मूळची कवठेमहांकाळ तालुक्यातली, सध्या कोल्हापूरला राज्यशास्त्रात एम. ए. करते. लघुप्रबंधाचा विषय ‘एका आमदाराची कारकीर्द आणि निवडणूक प्रचार’. तिने तासगावचे आर. आर. पाटील, म्हणजे सगळ्यांचे ‘आबा’, निवडलेत. तिची तक्रार अशी: ‘ज्याला विचारावं तो आबा किती साधे होते एवढंच सांगतो. नुसत्या साधेपणावर माणूस सलग सहा वेळा आमदार होतो का? होत नसेल तर नेमकं काय होतं, आणि ते मी कुठे शोधू?’

नुसत्या साधेपणावर होत नाही. माझ्या पाहण्यात दोन उमेदवार असे आहेत, ज्यांच्या साधेपणाची विरोधकसुद्धा शपथ घेतील. दोघांचंही डिपॉझिट गेलं. वैध मतांचा सहावा हिस्सा मिळाला नाही की ते जातं. लोकांनी त्यांना हात जोडले, चहा पाजला आणि मत दुसऱ्याला दिलं.

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे माझं बोलणं किती मापानं घ्यायचं ते तुला कळेल. १९८५ पासून दहा वर्षं मी एका पक्षाचा पोलिंग एजंट आणि मतमोजणी एजंट होतो. पुढे पक्ष सुटला, वही सुटली नाही. पंचवीस वर्षं तालुक्याची बातमीदारी केली. निवडणूक मी व्यासपीठावरून कधी बघितली नाही. बघितली ती मोजणीच्या हॉलमधल्या जाळीमागून आणि गावातल्या पारावरून.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे, सांगली जिल्ह्यात कृष्णा-येरळा-अग्रणीच्या पट्ट्यात, गाव म्हटलं की दोन पॅनेल आलीच. ग्रामपंचायतीला दोन, विकास सोसायटीला दोन, दूध संस्थेला दोन. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढतच नाहीत, त्यामुळे या गटांना पक्षाचं नाव नसतं. ‘वरच्या आळीचे’, ‘खालच्या आळीचे’, ‘चेअरमनचे’, ‘पाटलांचे’ अशी नावं असतात. भांडणाचं मूळ विचारशील तर बांधावरचं झाड निघेल, नाहीतर चुलत्याने चाळीस वर्षांपूर्वी मोडलेलं लग्न. पक्ष येतात-जातात, गट राहतात.

याचा आमदारकीशी संबंध काय? साधं गणित करून बघ. गावात दोन हजार मतदान झालं असं धर. एका गटाची साडेनऊशे मतं, दुसऱ्याची साडेआठशे, उरलेली दोनशे कुणाच्याच दावणीला नाहीत. उमेदवाराने मोठ्या गटाचा पुढारी आपल्या जीपमध्ये घेतला की दुसरा गट न बोलावता विरोधकाकडे जातो. मोकळी दोनशे अर्धी-अर्धी झाली तर लीड मिळतं शंभराचं. तोच उमेदवार कुणाच्याच दावणीला न जाता दोन्हीकडून सहाशे-सहाशे काढून आला, तर मोकळ्या मतांपैकी एकही न मिळता चारशेचं लीड. विधानसभा मतदारसंघात अशी शंभराच्या आसपास गावं असतात. सहा वेळा निवडून येणाऱ्याला हे गणित कुणी शिकवत नाही, आणि ते येत नसेल तर सहा वेळा येत नाही.

सांगायला सोपं, करायला महाकठीण. एक रात्र सांगतो. १९९५ च्या फेब्रुवारीतली. उमेदवाराचं नाव सांगत नाही, मतदारसंघही नाही. तासगाव नव्हे एवढं धर. आम्ही रात्री साडेदहाला एका गावात पोचलो. लाईट गेलेली. सोसायटीच्या चेअरमनच्या दारात गॅसबत्ती होती म्हणून ड्रायव्हरने गाडी तिथे उभी केली. चेअरमन पुढे आले, आग्रह केला, आमचा उमेदवार ओसरीवर बसला. चहा आला, मग पोहे आले. पोह्यांवर खोबरं होतं ते मला अजून आठवतं, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं. आम्ही खात होतो तेव्हा खालच्या आळीत मारुतीच्या देवळासमोर चाळीसेक माणसं हार घेऊन उभी होती. त्यांना आठचा टाइम दिला होता. आम्ही तिथे गेलो तेव्हा देवळात एक म्हातारा तेवढा राहिला होता. हार मारुतीच्या गळ्यात घातलेला. म्हातारा म्हणाला, “देवाला चालतंय की उशिरा आलेलं.”

मतदानाच्या दिवशी खालच्या आळीतला एकही माणूस आमच्या टेबलावर स्लीप घ्यायला आला नाही. आमचा उमेदवार पडला. त्या चहामुळे पडला असं मी म्हणत नाही. असे दहाबारा चहा झाले असतील.

हे डोक्यात ठेवून आबांची कारकीर्द वाचायला घे, म्हणजे साधेपणाच्या गोष्टींचा अर्थ लागायला लागेल.

जन्म १९५७ चा, गाव अंजनी, तासगाव तालुका. सांगलीच्या शांतिनिकेतनमध्ये ‘कमवा आणि शिका’ योजनेत शिक्षण. हे सगळ्यांना पाठ आहे. माझ्या दृष्टीने त्यापेक्षा मोलाची एक नोंद आहे आणि तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही: १९७९ ला सावळज गटातून (इथे गट म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ) ते जिल्हा परिषदेवर गेले आणि थेट आमदार होईपर्यंत, १९९० पर्यंत, सदस्य राहिले. एका मुदतीत अकरा वर्षं कशी? कारण १९७९ नंतर महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या निवडणुका झाल्या त्या एकदम १९९२ ला. सरकारने निवडणुका लांबवल्या हे लोकशाहीच्या दृष्टीने वाईटच. पण बाविशीतल्या एका पोराला त्यामुळे अकरा वर्षांची शाळा मिळाली. एकच गट, तीच गावं, तीच माणसं. कुठल्या गावात शाळेची खोली हवी, कुठे पाझर तलाव फुटलाय, कुणाची कुणाशी बोलाचाली बंद आहे, हे सगळं पायाखालून गेलेलं. पुन्हा निवडून यायची घाई नाही, म्हणून एका गटाला धरून बसायची गरजही नाही.

अलीकडे उलट झालं. २०१७ ला निवडून आलेल्या जिल्हा परिषदांची मुदत २०२२ ला संपली आणि मग बराच काळ प्रशासकच होता. पंचविशीतल्या कार्यकर्त्याला त्या काळात जिल्हा परिषदेचा गट नव्हता, पंचायत समितीचा गण नव्हता, थेट आमदारकीची स्वप्नं. प्रबंधात तुलनेला जागा असेल तर हा धागा घे.

मग निवडणुका. १९९० ला काँग्रेसच्या तिकिटावर पहिल्यांदा आमदार. १९९५ हे वर्ष जरा नीट बघ. त्या वेळी राज्यात पंचेचाळीस अपक्ष निवडून आले आणि काँग्रेसची सत्ता गेली. आपला जिल्हा त्या बंडखोरीत पुढे होता. पतंगराव कदमांसारखा माणूस भिलवडी-वांगीतून संपतराव देशमुखांकडून पडला. शेजारच्या कवठेमहांकाळमधून अजितराव घोरपडे अपक्ष आले. बंडखोरी म्हणजे तरी काय असतं? प्रत्येक गावातला जो गट तिकिटाच्या उमेदवाराच्या जीपमध्ये नाही, तो सगळा एका माणसामागे उभा राहणं. त्या लाटेत तासगावची जागा आबांनी राखली. मला वाटतं, सावळजच्या अकरा वर्षांचं व्याज तिथे वसूल झालं. हा माझा तर्क आहे, पुरावा म्हणून छापू नकोस. तपासायचं कसं ते पुढे सांगतो.

१९९५ ते १९९९ ते विरोधी बाकांवर होते. सभागृहातला आमदार अभ्यासायचा तर हीच वर्षं घे. मंत्री झालेला माणूस उत्तरं देतो, आणि ती खातं लिहून देतं. विरोधी आमदार काय विचारतो त्यात त्याचा मतदारसंघ दिसतो. विधानभवनाच्या ग्रंथालयात कार्यवाहीचे खंड आहेत. तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना), अर्धा तास चर्चा आणि अर्थसंकल्पातल्या मागण्यांवरची भाषणं वेगवेगळी काढ. लक्षवेधी वर्तमानपत्रात येते म्हणून आमदारांना आवडते. तारांकित प्रश्नाखाली मात्र पाच-सहा जणांच्या सह्या असतात, म्हणून नाव दिसलं की त्यानेच विचारला असं समजू नकोस. उपप्रश्न कोण विचारतो ते बघ. तयारी करून आलेला गडी तिथे कळतो.

१९९९ च्या जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली आणि सप्टेंबरात मतदान. आबा राष्ट्रवादीत गेले. म्हणजे तीन महिन्यांत गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना ‘हाता’वरून ‘घड्याळा’वर आणायचं होतं. त्या वर्षी प्रचार असा नव्हताच, शिकवणी होती. कार्यकर्ते घरात जाऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवायचे. ज्या घरात घड्याळ नव्हतं तिथे मनगट पुढे करायचे.

आणि निकालानंतर दोन्ही काँग्रेस एकत्र येऊन विलासराव देशमुखांचं सरकार झालं! गावात महिनाभरापूर्वी एकमेकांची डोकी फोडायला निघालेली माणसं आता एकाच सरकारची. आबा त्यात ग्रामविकास मंत्री झाले. २०००-०१ ला संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. राज्यात पहिल्या येणाऱ्या गावाला २५ लाखांचं बक्षीस. या योजनेवर शौचालयं, गटारी, परसबागा अशा अंगाने भरपूर लिहिलं गेलंय. माझ्या वहीत मात्र वेगळीच नोंद आहे. बक्षिसासाठी तपासणी समिती येणार म्हटल्यावर दोन्ही पॅनेलना एकाच सकाळी खराटा घेऊन एकाच रस्त्यावर यावं लागायचं. एका गावात मी स्वतः बघितलंय: आजी सरपंच आणि माजी सरपंच, सहा वर्षं बोलत नव्हते, आणि एकाच पाटीचे दोन कान धरून उकिरडा उपसत होते. बोलत तेव्हाही नव्हते. पण पाटी एक होती.

पुढे २००७ च्या १५ ऑगस्टपासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली. तेव्हा आबा उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री होते. गावातले तंटे गावातच मिटवा, कोर्टात जाऊ नका, बक्षीस घ्या. गृहखात्याच्या मंत्र्याला हे सुचण्यामागे प्रशासनाची कारणं असतीलच: पोलिसांवरचा ताण, कोर्टातली प्रलंबित प्रकरणं. पण ज्याची सगळी उमेदीची वर्षं दोन पॅनेलांच्या गावांत पायी हिंडण्यात गेली, त्यालाच हे सुचणार, असं मला राहून राहून वाटतं. मतदारसंघात निवडून यायला लागणारी अक्कल त्याने राज्याची योजना करून टाकली. तुझ्या प्रबंधाचं मधलं प्रकरण यावर होऊ शकतं.

आरती मात्र ओवाळू नकोस. बक्षीस मिळाल्यावर कित्येक शौचालयांत सरपण आणि कडब्याच्या पेंढ्या गेल्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि तंटामुक्त समितीचा अध्यक्ष कोण यावरूनच ग्रामसभेत तंटे झाले. समितीवर वर्चस्व असलेल्या गटाने दुसऱ्या गटाच्या माणसाला ‘मिटवून घे’ म्हणून दाबलं, अशाही तक्रारी असायच्या. गरिबाचं भांडण गावात मिटतं तेव्हा ते कुणाच्या बाजूने मिटतं, हा प्रश्न विचारल्याशिवाय ते प्रकरण पुरं करू नकोस.

डान्स बारबंदी (२००५), मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हिंदीत बोललेलं आणि वादात सापडलेलं ते एक वाक्य, १ डिसेंबर २००८ चा राजीनामा, आणि २००९ ला पुन्हा गृहखातं. मार्गदर्शकांना याचा मोह पडेल. एका परिच्छेदात उरक. बारबंदी उच्च न्यायालयाने २००६ ला रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ ला तेच कायम ठेवलं, एवढं नमूद कर. मुंबईतली ही वादळं तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात फारशी ऐकू येत नव्हती. तिथे दर काय निघाला आणि कॅनॉलला पाणी कधी सुटणार, एवढंच चालायचं.

पाण्यावर जरा थांबतो, कारण आपल्या भागातल्या कुठल्याही आमदाराची खरी परीक्षा तीच. तासगावचा पूर्व भाग आणि तुझं कवठेमहांकाळ म्हैसाळ योजनेवर डोळे लावून बसलेलं. मिरज तालुक्यात कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत दुष्काळी भागात न्यायचं. पाणी चढवायला वीज लागते, विजेचं बिल थकतं, पंप बंद पडतात, द्राक्षबागा टँकरवर जगवाव्या लागतात. मग मोर्चा, बैठक, ‘टंचाई निधीतून बिल भरू’ असं आश्वासन, पुन्हा पंप चालू. हे चक्र वर्षानुवर्षं चाललं. मंत्री असूनही आबांना हे चक्र कायमचं मोडता आलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचेच काही कार्यकर्ते यावर माझ्याशी भांडलेत. बिलाचा ८१ टक्के भार सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा, हा निर्णय त्यांच्या पश्चात झाला. ज्या वर्षी निवडणूक, त्या वर्षी पाणी कुठल्या तारखेला कुठल्या टप्प्यात पोचलं, हे पाटबंधारे खात्याच्या नोंदींतून काढ आणि मतदानाच्या आकड्यांशेजारी ठेव. हे काम मला कधीच जमलं नाही. तू केलंस तर तुझ्याकडून मी शिकेन.

२००९ ला मतदारसंघांची पुनर्रचना झाली. जिल्ह्यातल्या जागा नवाच्या आठ झाल्या आणि तासगावला कवठेमहांकाळ जोडलं गेलं. अर्धा मतदारसंघ नवा, जिथे दुसऱ्या नेत्याचं वजन. म्हणून २००४ आणि २००९ ची मतं एका तक्त्यात एकाखाली एक मांडू नकोस. नाव सारखं वाटलं तरी घर बदललेलं आहे. २०१४ ला त्याच अजितराव घोरपड्यांशी सामना झाला, ते भाजपकडून. पाचच महिन्यांपूर्वी लोकसभेला संजयकाका पाटील भाजपकडून सव्वादोन लाखांच्या वर मताधिक्याने निवडून आलेले, जिल्ह्यात आठपैकी चार जागा भाजपने घेतल्या, आणि तरी आबा बावीस हजारांच्या आसपास लीडने आले. त्याच प्रचारात त्यांनी मनसेच्या उमेदवारावरच्या बलात्काराच्या गुन्ह्याबद्दल एक अत्यंत वाईट विधान केलं आणि माफी मागितली. हे लिही. साधेपणाच्या गोष्टी सांगणारे ते गाळतात. चार महिन्यांत, १६ फेब्रुवारी २०१५ ला, कर्करोगाने त्यांचं निधन झालं. वय सत्तावन्न.

आता तपासायची रीत.

निवडणूक झाल्यावर ‘नमुना २०’ तयार होतो. कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं, याचा तो अंतिम तक्ता. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर अलीकडच्या निवडणुकांचे मिळतात, जुन्यांसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत अर्ज कर. मतपत्रिकांच्या काळात अनेक ठिकाणी वेगवेगळ्या केंद्रांचे गठ्ठे मिसळून मोजायचे, त्यामुळे १९९० आणि १९९५ चे केंद्रवार आकडे मिळतीलच असं धरू नकोस. २००४ पासून सगळीकडे यंत्रं आहेत, तिथून पुढचं काम भक्कम.

मग तहसीलमधून त्या त्या गावाच्या ग्रामपंचायतीचा आधीचा आणि नंतरचा निकाल घे. सरपंच गटाचा वॉर्ड कुठला, विरोधी गटाचा कुठला, हे गावात विचारून लिहून काढ. एका गावात दोन-तीन केंद्रं असतील तर ती बहुतेक वेळा आळीप्रमाणेच पडतात. आबांना दोन्ही आळींतल्या केंद्रांवर जवळपास सारखं प्रमाण मिळालं असेल, तर माझा तर्क बरोबर. वरच्या आळीत सत्तर टक्के आणि खालच्या आळीत तीस, असं गावामागून गाव दिसलं, तर माझी पंचवीस वर्षांची समजूत चुकली असं खुशाल लिही. वीस गावं पुरे. सगळा मतदारसंघ करायला जाशील तर प्रबंध राहील आणि लग्न होईल.

लीडचा आकडा कच्चा वाचू नकोस, हे आणखी. २०१५ च्या पोटनिवडणुकीत आबांच्या पत्नी सुमनताई पाटील लाखाच्या वर मतांनी आल्या, कारण मोठ्या पक्षांनी उमेदवारच दिला नव्हता. २०१९ ला शेजारच्या पलूस-कडेगावमध्ये विश्वजित कदमांच्या खाली दुसऱ्या क्रमांकावर कुणी माणूस नव्हता. ‘नोटा’ होतं, वीस हजारांच्या वर. युतीत जागा दुसऱ्या पक्षाला गेली म्हणून रुसलेल्या गटाने यंत्रावर रुसवा दाबला. आणि २०२४ ला साताऱ्यात लोकसभेला शशिकांत शिंदे बत्तीस हजारांच्या वर फरकाने पडले, तेव्हा ‘ट्रम्पेट’ चिन्हावरच्या एका अपक्षाला सदतीस हजारांहून जास्त मतं पडली होती. शिंद्यांचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. ती सगळी मतं चुकून पडली असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण आकडे शेजारी ठेवल्यावर माणूस गप्प होतो.

२०२४ च्या विधानसभेलाही आपल्याकडे हीच चिन्हांची धांदल. राष्ट्रवादी फुटल्यावर आबांनी १९९९ ला घरोघर शिकवलेलं घड्याळ आता संजयकाकांकडे होतं, आणि आबांचे चिरंजीव, पंचवीस वर्षांच्या रोहित पाटलांना त्याच घरांत जाऊन ‘घड्याळ दाबू नका, तुतारी बघा’ सांगायचं होतं. कवठेमहांकाळच्या बाजूची एक आजी मला म्हणाली, “बापानं दाखवलं त्ये इसरू म्हणतंय पोरगं.” तिने मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही. रोहित सत्तावीस हजारांच्या आसपास मतांनी आले, सभागृहातले सगळ्यात तरुण आमदार. त्यातलं किती वडिलांच्या पुण्याईचं आणि किती त्यांचं स्वतःचं, हे एका निवडणुकीवरून सांगता येत नाही. दुसरी होऊ दे.

खर्चाबद्दल विचारशीलच. विधानसभेला आज मर्यादा ४० लाखांची आहे. निवडणूक कार्यालय चहापासून खुर्चीपर्यंत दरपत्रक ठरवतं आणि उमेदवाराने रोजची खर्चवही ठेवायची असते. वही बघ, पण त्यात प्रचार शोधू नकोस. जेवणावळ एखाद्याच्या शेतातल्या ‘वाढदिवसा’ला झालेली असते.

सभेच्या गर्दीवरही जाऊ नकोस. हे मी फटका खाऊन शिकलो. एका निवडणुकीत सांगता सभेला मैदान फुटलं होतं; मी रात्री बातमी लावली, ‘विजय निश्चित’. माणूस पडला. मागाहून कळलं, निम्म्या ट्रॉल्या नदीपलीकडून आलेल्या, दुसऱ्या मतदारसंघातल्या. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर चहावाल्याने मला पेपरातला तो मथळा मोठ्याने वाचून दाखवला आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. त्या दिवसापासून मी सभेच्या ठिकाणी माणसं मोजत नाही, गाड्यांच्या पाट्या वाचतो.

मुलाखती घेशील तर जिंकलेल्यांच्या कमी घे. आबांविरुद्ध ज्यांनी गावात बूथ सांभाळला, त्यांना शोध. ती माणसं आता साठी-सत्तरीत आहेत, मोकळेपणाने बोलतात, आणि आबांबद्दल त्यांच्याकडून जे ऐकशील ते गौरव अंकात नाही. रेकॉर्डर बाहेर काढू नकोस, वही चालते. छाटणीच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि एप्रिलात, जाऊ नकोस, कुणी उभं करणार नाही. माल काढायच्या दिवसांत तर नाहीच. पावसाळा लागल्यावर जा, जून-जुलैत, माणसं घरी सापडतात.

आणि पहिल्यांदा गावात जाशील तेव्हा थेट कुणाच्या ओसरीवर बसू नकोस. देवळात बस. कुणाचा पहिला चहा घ्यायचा ते तासाभरात आपोआप कळेल, आणि दुसरा चहा दुसऱ्या आळीत घ्यायला विसरू नकोस.